नाव ठेवणारी गाणी

आमच्याकडच्या सीडीला मधल्या भोकाजवळ एक ओरखडा होता. नखाएवढाच, अर्धगोल. सीडी आतून बाहेर वाचली जाते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. एवढंच कळायचं की सिनेमा लावला की पडदा निळा पडतो, प्लेअर आतल्या आत घरघरतो, आणि मग दादा उठून पुढं ढकलायचं बटण दाबतो. दोन-तीनदा दाबलं की चित्र उमटायचं. गुहेच्या तोंडाशी एक उंदीर आणि त्याच्यावर पडलेला सिंहाचा पंजा. माझ्यासाठी ‘द लायन किंग’ तिथून सुरू व्हायचा.

कराडच्या आमच्या घरात त्या सीडीवर सगळे उपाय करून झाले होते. टूथपेस्ट चोळली, दादाच्या जुन्या बनियननं पुसली, साबणाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवली. ओरखडा तसाच. सिनेमाच्या दोन सीड्या होत्या, दुसरी अगदी स्वच्छ. त्यामुळं शेवट आम्ही कितीतरी वेळा पाहिला आणि सुरुवात एकदाही नाही. ही उणीव आहे असंही मला कधी वाटलं नाही. सिनेमा उंदरापासूनच सुरू होतो, अशी माझी समजूत होती.

फक्त एक गोष्ट खटकायची. उंदराच्या त्या प्रसंगात सिंहांचा राजा मुफासा येतो आणि भावाला, म्हणजे स्कारला, विचारतो की कार्यक्रमाला का आला नाहीस. दादाला बऱ्यापैकी इंग्रजी यायचं, तो मला मराठीत सांगत जायचा. मी विचारायचे, “कुठला कार्यक्रम?” दादा म्हणायचा, “असेल काहीतरी.” आणि सगळ्यात शेवटी, पाऊस पडून रान पुन्हा हिरवं झाल्यावर, ते म्हातारं माकड एक छावा उचलून धरतं, ढोलाचा एक ठोका पडतो आणि सिनेमा संपतो. मला वाटायचं, बरं, बाळ झालं, सगळ्यांना दाखवलं, संपलं.

पुढं पुण्याला वसतिगृहात असताना खोलीतल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तो सिनेमा पहिल्यांदा पहिल्या सेकंदापासून पाहिला. अंधारातून लालभडक सूर्य वर आला आणि त्याच क्षणी एका माणसानं आरोळी दिली. मला ती भाषा येत नव्हती, पण आरोळी ऐकून मी ताठ बसले. कुणीतरी कुणालातरी लांबून हाक मारून मोठी बातमी सांगतंय, एवढं लख्ख कळलं. नंतरची चार मिनिटं मी हलले नाही. ‘कार्यक्रम’ कुठला, ते इतक्या वर्षांनी डोळ्यांसमोर होतं. बारसं होतं.

दुसरा शब्दच सुचला नाही. गेंडा मान वर करतो, हरणं धुक्यातून उड्या मारत निघतात, हत्तीच्या सुळ्यांवर पाखरं बसलीत, एक जिराफ आपल्या पिल्लाला घेऊन चढण चढतोय. सगळं रान एकाच दिशेनं निघालंय, जसं गावात कुणाकडं पहिलं बाळ झालं की बायका काखेत मुलं आणि हातात आहेर घेऊन निघतात. कड्यावर बाळ आईच्या पंजात विसावलंय. रफिकी, म्हणजे ते म्हातारं माकड, येतो. आधी काठीला टांगलेली फळं त्याच्यासमोर हलवतो, अगदी खुळखुळ्यासारखी, आणि छावा पंजानं ती पकडायला बघतो. मग एक फळ फोडून त्याचा रस बोटानं त्याच्या कपाळाला लावतो. टिळाच तो. वरून चिमूटभर धूळ टाकतो. आणि छावा शिंकतो.

ती शिंक मला या साऱ्या प्रसंगातली सगळ्यात मोठी कला वाटते. कोरस चढत चाललाय, सगळं रान जमलंय, आता राज्याचा वारस दाखवला जाणार, आणि त्या भव्यतेच्या मधोमध चित्रकारांनी एका तान्ह्या बाळाला शिंकू दिलं. आईबाप एकमेकांकडं बघतात. एवढ्याशानं तो राजपुत्र असायच्या आधी बाळ होतो. नंतर रफिकी त्याला उचलून कड्याच्या टोकावर धरतो, ढग फाटून उन्हाची एक तिरीप त्याच्यावर पडते, खाली झेब्रे गुडघे टेकतात, ढोलाचा एकच ठोका पडतो आणि काळ्यावर लाल अक्षरात नाव येतं.

त्या रात्री सिनेमा संपताना शेवटचा छावा वर उचलला गेला तेव्हा मी रडले. लहानपणी त्याच प्रसंगाला मी कधी रडले नव्हते. तोच छावा, तेच माकड, तोच ठोका. पण ओरखड्यामुळं माझ्याकडं फक्त शेवट होता. तो कशाचा तरी परतीचा पाय आहे, हे सुरुवात पाहिल्याशिवाय कळणार तरी कसं? तेव्हापासून अ‍ॅनिमेशनमधल्या संगीतमय चित्रपटांच्या पहिल्या गाण्यांचं मला वेड लागलं. कुणी नवा सिनेमा सांगितला की मी पहिली पाच मिनिटं दोनदा पाहते आणि मगच पुढं जाते.

त्या आरोळीबद्दल थोडं सांगायला हवं. ती झुलू भाषेतली आहे आणि तिचा अर्थ साधारण असा: बाबा, बघा, सिंह येतोय. आवाज लेबो एम या दक्षिण आफ्रिकी गायकाचा. तो मूळचा सोवेटोचा, वर्णद्वेषाच्या काळात देश सोडून अमेरिकेत पोचलेला. संगीतकार हान्स झिमरनी त्याच्यासोबत आधी एका चित्रपटासाठी काम केलं होतं. गाण्याची चाल एल्टन जॉनची, शब्द टिम राइसचे, मुख्य आवाज कारमेन ट्विलीचा. पण त्या चालीभोवती आफ्रिकी कोरस आणि वाद्यमेळ उभा राहिला तेव्हाच ते आज आपण ऐकतो ते गाणं झालं. १९९४ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत सगळ्या वर्णांच्या लोकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केलं आणि जूनमध्ये हा चित्रपट अमेरिकेत लागला. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. ज्या माणसाला स्वतःच्या गावात सन्मानानं राहता आलं नाही, त्याचा आवाज जगभरच्या मुलांना सांगत होता की कुणीतरी मोठं येतंय.

झिमरच्या बाजूनंही यात एक घरगुती दुःख आहे. तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. बापाच्या मृत्यूची ही गोष्ट संगीतात बांधताना आपण त्यांच्यासाठीच लिहितोय असं झालं, हे त्यानं मुलाखतींत सांगितलंय. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचं ऑस्कर त्याला मिळालं. वितरकांना मात्र या सुरुवातीचं मोल ऑस्करच्या आधीच कळलं होतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांनी जाहिरात म्हणून तुकडे जोडून काही दाखवलं नाही, हे आख्खं गाणं जसंच्या तसं चित्रपटगृहांत लावलं. त्यात एकही संवाद नाही, गोष्ट काय ते सांगितलेलं नाही. लोकांनी फक्त बारसं पाहिलं आणि सात महिने वाट पाहिली.

हातानं काढलेल्या चित्रपटात अशा गाण्याला किती मेहनत लागते ते समजून घेतल्यावर मी ती शिंक आणखी आदरानं पाहायला लागले. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, चित्र नंतर. आपल्याकडच्या पार्श्वगायनासारखंच. मग गाण्याचा प्रत्येक ठोका कुठल्या चौकटीवर पडतो ते तक्त्यावर मांडलं जातं. मिनिटाला एकशे वीस ठोक्यांची लय असेल तर दर बाराव्या चौकटीवर ठोका येतो. गेंड्याची मान कुठल्या चौकटीत वर यावी, पाखरांचा थवा कुठं वळावा, शिंक कुठं यावी, हे सगळं पेन्सिल कागदाला टेकायच्या आधी मोजलेलं असतं. त्या गाण्यात एके ठिकाणी फांदीवरून पानांचे तुकडे वाहून नेणाऱ्या मुंग्या अगदी जवळून दिसतात, आणि मग मुंग्या धूसर होऊन मागचे झेब्रे स्पष्ट होतात. कॅमेऱ्यानं हे सहज होतं, भिंग फिरवायचं. चित्रात भिंग नसतं. तिथली धूसरतासुद्धा कुणीतरी ठरवून आणलेली असते. मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना निमंत्रण आहे, हे त्या एका चित्रात सांगून झालं.

पहिल्या गाण्याची गोष्ट निघाली की आपल्याला नांदी आठवते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं तेव्हापासून ‘पंचतुंड नररुंडमालधर’ आपल्या कानांत आहे. मलाही आधी तीच तुलना सुचली होती. पण जितकी ही गाणी पाहिली तितकी ती तुलना मला पटेनाशी झाली. नांदी देवाला वंदन करते, रसिकांना आवाहन करते आणि गोष्टीच्या उंबऱ्याबाहेर थांबते. ही गाणी पहिल्या सुरापासून उंबऱ्याच्या आत असतात. त्यांचं नातं आपल्या पाळण्याशी आहे. पाळणा गाणाऱ्या बायका बाळाभोवती उभ्या राहतात, प्रत्येक कडव्यात एकेक दिवस मोजत जातात, आणि गाणं संपेतो त्या बाळाला कूळ, गाव, नाव मिळालेलं असतं. बाळाला यातलं काही माहीत नसतं. त्याच्याबद्दल सगळं जग गातं आणि तो झोपलेला असतो.

नायकाच्या आधी नायकाबद्दल दुसरे गातात. मला या चित्रपटांतल्या उत्तम सुरुवातींमागचं हेच गुपित वाटतं. आणि दुसरे काय गातात, त्यावर पुढची सगळी गोष्ट ठरते. मराठीत एका अनुस्वाराचा फरक आहे. नाव ठेवणं म्हणजे बारसं. नावं ठेवणं म्हणजे निंदा.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या गाण्यात आख्खं गाव नावं ठेवतं. १९९१ चा हा चित्रपट, गाणं नायिकेच्याच नावाचं, बेल. सकाळी ती टोपली घेऊन गावात येते. खिडक्या उघडतात, पाववाला रोजचाच ट्रे घेऊन निघालाय, कोण मासे घेतंय, कोण अंड्यांच्या भावावरून बोलतंय, आणि या सगळ्यातून जाता येता प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय: ही मुलगी जराशी वेगळीच आहे, नाही? ती पुस्तक वाचत चालते, कारंज्याच्या कठड्यावर बसून मेंढ्यांना गोष्ट सांगते, एक मेंढी पुस्तकाचं पानच खाते. गावात निळा रंग फक्त तिच्याच अंगावर आहे. बाकी सगळं गाव तपकिरी, लालसर, पिवळसर. इतक्या साध्या गोष्टीनं तिचं एकटेपण डोळ्यांत भरतं. पुढं पशूच्या वाड्यात गेल्यावर त्याच्या अंगावर निळा कोट दिसतो, तेव्हा आपल्याला कुणी काही सांगावं लागत नाही.

या गाण्याचा शेवट मला सगळ्यात जास्त लागतो. सगळं गाव तिच्या पाठीमागं एकवटून मोठ्यानं तिचं नाव गातं. तिला काहीतरी जाणवतं, ती वळून बघते, आणि त्या क्षणी प्रत्येकजण आपापल्या कामाला लागलेला. छोट्या गावात वाढलेल्या कुठल्याही मुलीला ही मान वळवणं ओळखीचं वाटेल. मी सायकलवरून कॉलेजला जायला लागले तेव्हा आमच्या बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या बायका मी जवळ आले की गप्प व्हायच्या आणि पुढं गेले की पुन्हा बोलू लागायच्या. त्या काय बोलायच्या ते मला कधीच ऐकू आलं नाही. या चित्रपटात ते गाऊन दाखवलंय.

शब्द हॉवर्ड अ‍ॅशमनचे, संगीत अ‍ॅलन मेंकनचं. दोघंही न्यूयॉर्कच्या छोट्या रंगमंचावरून आलेले. त्यामुळं गाणं म्हणजे गोष्ट थांबवून घेतलेला विसावा, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. गाण्यात गोष्ट पुढं गेलीच पाहिजे. सुरुवातीलाच ऑपेरेटासारखं, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकासारखं, इतकं लांबलचक, शंभर तोंडांचं गाणं स्टुडिओला पाठवायला ते आधी कचरत होते, असं मेंकननी सांगितलंय. पाठवलं आणि ते राहिलं.

अ‍ॅशमन हे लिहीत असताना मरणाच्या दारात होता. ‘द लिटल मर्मेड’साठी दोघांना १९९० मध्ये ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर दोनच दिवसांनी त्यानं मेंकनना आपल्याला एचआयव्ही असल्याचं सांगितलं. त्याला प्रवास झेपेना तेव्हा चित्रपटाची मंडळी न्यूयॉर्क राज्यात, त्याच्या घराजवळच्या हॉटेलात येऊन बसू लागली. १४ मार्च १९९१ ला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो गेला. चित्रपट नोव्हेंबरमध्ये लागला. शेवटी श्रेयनामावलीत त्याच्या मित्रांनी लिहिलंय की यानं एका मत्स्यकन्येला आवाज दिला आणि एका पशूला आत्मा. तो समलिंगी होता, आणि त्या वर्षांत एड्स झालेल्या माणसाला समाज काय काय म्हणत होता हे आठवलं की ते गावचं गाणं माझ्यासाठी आणखी खोल होतं. पाठीमागं कुजबुजणाऱ्या गावाचा आवाज त्यानं इतका गोड, इतका हसरा कसा लिहिला असेल? त्या गाण्यात गाव दुष्ट नाही. गाव मनापासून गातंय. म्हणूनच ते अंगावर येतं.

आणि याच अ‍ॅशमनची दुसरी एक सुरुवात मला बोचते. ‘अलादिन’ १९९२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आला. पहिल्या गाण्याचे शब्द त्याचे. त्यात अरबी मुलखाची ओळख करून देताना एक ओळ होती की इथं तुमचा चेहरा आवडला नाही तर कान कापतात. अरब-अमेरिकी लोकांनी जोरदार आक्षेप घेतला. हे लोक अमेरिकेत राहणारे, त्यांची मुलं शाळेत जाणारी, आणि ते गाणं मुलांच्या तोंडी बसलेलं. १९९३ मध्ये घरगुती व्हिडिओ आला तेव्हा ती ओळ बदलून सपाट विस्तीर्ण भूमी आणि प्रखर उन्हाची ओळ आली. पुढच्याच ओळीतला रानटी या अर्थाचा शब्द मात्र राहिला. तो २०१९ च्या नव्या चित्रपटात बदलला. मला अ‍ॅशमनबद्दल अतोनात प्रेम आहे, आणि तरीही त्या ओळीला आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पहिलं गाणं मुलाच्या मनात एखाद्या मुलखाचं बारसं करतं. त्या मुलखाबद्दल मुलाला दुसरं काहीच ठाऊक नसेल, तर तेवढंच नाव त्याच्याजवळ उरतं.

‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ १९९६ चा. त्याची सुरुवात मी वर्षातून एकदाच पाहते. त्याहून जास्त सोसवत नाही. पॅरिसच्या रस्त्यावर क्लोपिन हा बाहुल्यांचा खेळ करणारा मुलांना गोष्ट सांगतोय, वर घंटा वाजतायत, लॅटिन स्तोत्रांचा कोरस भरून राहिलाय. बर्फाच्या रात्री एक जिप्सी आई बाळाला उराशी धरून धावते. चर्चच्या बंद दारावर ती थापा मारते. न्यायाधीश फ्रोलो घोड्यावरून येतो, तिच्या हातातलं गाठोडं हिसकावतो, ती दगडी पायरीवर आपटून मरते. गाठोड्यात चोरीचा माल असेल म्हणून तो बघतो तर व्यंग असलेलं मूल. तो त्याला विहिरीत टाकायला निघतो. हात विहिरीवर आलेला असताना चर्चचा धर्मगुरू त्याला थांबवतो, आणि फ्रोलो वर बघतो तर चर्चच्या भिंतीवरचे दगडी पुतळे त्याच्याकडं बघतायत.

स्टीफन श्वार्ट्झचे शब्द, मेंकनचं संगीत. हा सगळा पूर्वेतिहास आधी नुसत्या निवेदनातून सांगायचं चाललं होतं. ते निर्जीव वाटलं म्हणून गाणं झालं. माझ्या मते गाण्याशिवाय तो प्रसंग मुलांच्या चित्रपटात दाखवताच आला नसता. घंटा आणि कोरस बघणाऱ्याचा हात धरून त्याला त्या रात्रीतून नेतात. आणि मग फ्रोलो त्या बाळाचं बारसं करतो. विहिरीच्या काठावर, मेलेल्या आईच्या शेजारी, आत्या नाही, पाळणा नाही. नाव ठेवतो क्वासिमोदो, म्हणजे अर्धवट घडलेला. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांतला अनुस्वार इथं पुसून गेलाय.

व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ च्या कादंबरीत हे असं नाही. तिथं फ्रोलो स्वतःच चर्चमधला आहे. टाकून दिलेली मुलं ठेवतात त्या लाकडी फळीवर त्याला हे मूल सापडतं आणि तो दयेनं ते घेतो. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारला क्वासिमोदो म्हणतात, त्या दिवशी सापडलं म्हणून ते नाव. ह्यूगो पुढं म्हणतो की कदाचित ‘जवळपास माणूस’ या अर्थानंही ठेवलं असेल. चित्रपटानं तो ‘कदाचित’ काढून टाकला. मला तो बदल आवडतो, कारण गाणं शेवटी मुलांना कोडं घालतं की राक्षस कोण आणि माणूस कोण, आणि ते कोडं घालायला नाव ठेवणारा निर्दय हवा होता. क्लोपिनचा शेवटचा सूर वर वर चढत जातो, कॅमेरा मनोऱ्यावर चढतो, आणि घंटांमध्ये लोंबकळणारी एक काळी आकृती दिसते. वीस वर्षं सरलेली असतात.

तिसरं बाळ पाण्यात सोडलेलं आहे. १९९८ चा ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ गुलामांच्या गाण्यानं उघडतो. चिखल तुडवणारे पाय, ओढले जाणारे दोर, आसूड, आणि त्यांच्यावर उभे राहणारे अवाढव्य पुतळे. फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, शिपायांनी इब्री, म्हणजे ज्यू, गुलामांची तान्ही मुलं मारायला घेतलीत. योखेवेद आपल्या दोन मुलांना मागं घेऊन आणि तिसऱ्याला, म्हणजे पुढच्या मोशेला, टोपलीत लपवून नदीकडं धावते. आणि तिथं, हजार कंठांचा आक्रोश थांबून, एका बाईचं अंगाईगीत सुरू होतं. ती त्याला नदीवर सोपवते. टोपली मगरींच्या, पाणघोड्यांच्या, वल्ह्यांच्या, जाळ्यांच्या मधून जाते. आपण कर्ण माहीत असलेली माणसं. कुंतीनं पेटी सोडली त्या नदीवर आपण लहानपणापासून उभे आहोत.

हे गाणारी ऑफ्रा हाझा. तेल अवीवच्या गरीब वस्तीत वाढलेली, येमेनी ज्यू कुटुंबातली. झिमरनी तिला चित्रकारांना भेटवलं आणि त्यांनी योखेवेदला तिचाच चेहरा दिला. आणखी एक गोष्ट मला फार हलवते. तिनं हे गाणं इंग्रजीखेरीज डझनाहून जास्त भाषांत स्वतःच गायलं, त्यातल्या बऱ्याच तिला येतही नव्हत्या, उच्चार पाठ करून. बाकी पात्रांचे आवाज प्रत्येक देशात वेगळे, आई मात्र एकच. २००० च्या फेब्रुवारीत ती बेचाळिसाव्या वर्षी गेली.

टोपली राणीच्या हाती लागते आणि राणीच त्याचं नाव ठेवते. जन्म देणारीच्या तोंडून त्याला नाव मिळतच नाही. तिनं त्याला फक्त चाल दिली. लांब लव्हाळ्यात उभी राहून थोरली बहीण मिरियम बघत असते. पुढं तो तरुण राजपुत्र झाल्यावर हीच बहीण त्याला सांगते की तू आमचा आहेस, आणि तो संतापतो, विश्वास ठेवत नाही. मग ती ते अंगाईगीत गाते. त्याचा चेहरा बदलतो. सगळे पुरावे हरले आणि चाल जिंकली. ज्यानं सुरुवात पाहिली नाही त्याला तिथं एक बाई रडत गाताना दिसेल, एवढंच. माझ्या सीडीसारखं.

नंतरच्या वर्षांतल्या सुरुवातींपैकी ‘फ्रोझन’ची, २०१३ ची, मला आवडते, कारण ती कामकऱ्यांची आहे. बर्फ कापणारी माणसं करवतीच्या लयीत गातात, जसं आपल्याकडं जात्यावर गायलं जातं. बाकी पुष्कळ चित्रपट हल्ली पहिल्या गाण्यात नायकालाच आपली ओळख करून द्यायला लावतात. मला ते पटत नाही. बाळानं आपला पाळणा आपणच गायचा नसतो.

दादाला मुलगी झाली तेव्हा मी पुण्याहून कराडला गेले. त्याच घरात, जिथं टीव्ही असायचा त्या भिंतीशी पाळणा बांधला होता, झेंडूच्या माळा लावून. आधी वरवंट्याला टोपडं घालून तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवला, मग बाळाला. “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.” आईनं पाळणा म्हटला, बाकीच्या जणींनी ‘जो बाळा जो जो रे’ धरलं. मी आत्या, त्यामुळं मान माझा. मी वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि पाठीमागून बायकांचे धपाटे पडायला लागले. भाची गाढ झोपेत होती. घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन दादा दाराशी उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी त्याला म्हटलं, “हा तो कार्यक्रम.” त्याला लगेच कळलं.

आता भाची पाच वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत मी तिला मांडीवर घेऊन ‘द लायन किंग’ लावला. आता सीडीही नाही आणि ओरखडाही नाही. सूर्य वर आला, आरोळी झाली, ती माझा अंगठा घट्ट धरून बघत राहिली. शिंकेला खुदकन हसली. छावा वर उचलला, ऊन पडलं, झेब्रे वाकले, ठोका पडला, अक्षरं आली. उंदीर दिसायच्या आत ती माझ्याकडं वळली.

“आत्या, पण याचं नाव कुणी सांगितलंच नाही.”

खरंच. इतक्यांदा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या चार मिनिटांत सिंबाचं नाव कुणीच घेत नाही. मी सिनेमा मागं नेला आणि रफिकीनं छाव्याला वर धरलंय तिथं थांबवला. ती मांडीवरून उतरली, टीव्हीपर्यंत गेली, चवड्यांवर उभी राहिली, दोन्ही हातांची ओंजळ पडद्यावरच्या त्या कानाशी धरली आणि अगदी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मग मोठ्यानं, “कुर्रर्र.”